पिलांना जन्म देणारे मासे : घरगुती मत्स्यालयातील संगोपन

बहुतेक मासे अंडी घालतात. गोड्या पाण्यातील काही लहान माशांच्या माद्या मात्र पोहण्यास सक्षम अशा पिलांना थेट जन्म देतात. गप्पी, मॉली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल ही त्यांची सर्वाधिक परिचित उदाहरणे होत. आकाराने लहान, रंगाने आकर्षक आणि किमतीने परवडणारे असल्यामुळे घरगुती मत्स्यालयाची सुरुवात बहुधा याच माशांपासून केली जाते. मात्र पूर्वतयारी नसल्यास हे मासे पहिल्या काही आठवड्यांतच दगावतात. तर तयारी उत्तम असल्यास त्यांची संख्या इतक्या वेगाने वाढते की, अतिरिक्त माशांचे काय करावे, असा प्रश्न उभा राहतो.

मूळ स्थान आणि नामकरण

गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील आणि त्रिनिदाद बेटावरील मासा आहे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्ये त्याचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. पुढे त्रिनिदादमधील रॉबर्ट जॉन लेचमिअर गप्पी यांनी पाठविलेल्या नमुन्यांवरून ब्रिटिश म्युझियममधील अल्बर्ट ग्युंथर यांनी १८६६ मध्ये या माशाला गप्पी यांचे नाव दिले. दोन्ही मासे एकाच जातीचे असल्याचे नंतर स्पष्ट झाले. त्यामुळे शास्त्रीय नाव पीटर्स यांचेच कायम राहिले. व्यवहारात मात्र ‘गप्पी’ हेच नाव रूढ झाले. प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मासे मूळचे मेक्सिको व मध्य अमेरिकेतील आहेत.

प्रजनन

गप्पीचा नर साधारण तीन सेंटिमीटर लांबीचा आणि रंगीत असतो, तर मादी त्याहून मोठी व फिकट असते. नराच्या पोटाखालील मागील पराचे रूपांतर काडीसारख्या जननांगात झालेले असते. मादीच्या पोटाच्या मागील भागात गडद डाग दिसतो व प्रसूतीचा काळ जवळ येताच तो अधिक ठळक होतो. गर्भधारणेचा काळ सुमारे चार आठवड्यांचा असून एका वेळी काही मोजक्या पिलांपासून पन्नासहून अधिक पिले जन्मू शकतात. एकदा मीलन झाल्यावर मादी नराचे शुक्राणू अनेक महिने साठवून ठेवू शकते. त्यामुळे दुकानातून एकच मादी आणली, तरी नराविना तिला एकापाठोपाठ अनेकदा पिले होतात.

हे मासे पिलांचे संगोपन करीत नाहीत. उलट भुकेपोटी स्वतःचीच पिले खातात. जावा मॉस किंवा दाट पाणवनस्पती असल्यास काही पिले आश्रय घेऊन वाचतात.

टाकीची पूर्वतयारी

साठ सेंटिमीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद व तीस सेंटिमीटर उंच टाकीत काठोकाठ ५४ लिटर पाणी मावते. लहान समूहासाठी एवढी टाकी पुरेशी ठरते. गोल काचपात्रात पाणी लवकर दूषित होत असल्याने ते टाळणे इष्ट होय.

माशांची विष्ठा व उरलेले अन्न यांतून अमोनिया तयार होतो. उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइटमध्ये व नंतर तुलनेने कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नव्या टाकीत हे जिवाणू नसतात. ते वाढण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. या काळात फिल्टर सुरू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकावे. अमोनिया व नायट्राइटचे प्रमाण शून्यावर आल्याची चाचणी झाल्यावरच मासे सोडावेत. ‘नव्या टाकीतील मासे टिकत नाहीत’ या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा या घाईत असते.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन मासे व जिवाणू या दोहोंना मारक असतो. पाणी चोवीस तास उघड्या भांड्यात ठेवल्यास किंवा सोडियम थायोसल्फेट वापरल्यास तो निघून जातो. आठवड्यातून एकदा पाव हिस्सा पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळावा. या माशांना किंचित जड पाणी मानवते. त्यामुळे अनेक ठिकाणचे विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी त्यांना चालते.

तापमान आणि आहार

बावीस ते अठ्ठावीस अंश सेल्सिअस तापमान या माशांना अनुकूल असते. दिल्लीसारख्या ठिकाणी हिवाळ्यात हीटर आवश्यक ठरतो. नागपूरच्या उन्हाळ्यात टाकी खिडकीपासून दूर ठेवून पृष्ठभागावर पंख्याचा वारा घ्यावा लागतो. वीज दीर्घकाळ खंडित होत असल्यास बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जवळ असावा. खाद्य दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे.

वाढती संख्या आणि नैसर्गिक पाणवठे

एका नरामागे दोन ते तीन माद्या ठेवल्यास माद्यांना नरांचा त्रास कमी होतो. संख्या वाढू द्यायची नसेल, तर केवळ नर पाळणे हा सर्वांत सोपा उपाय होय.

अतिरिक्त मासे नदी, ओढा किंवा तळ्यात सोडू नयेत. डासांच्या अळ्या खात असल्यामुळे महाराष्ट्रासह अनेक राज्यांत हिवताप नियंत्रणासाठी गप्पी मासे वापरले जातात, हे खरे. मात्र ते कोठे सोडावेत, हे ठरविण्याचे काम आरोग्य यंत्रणेचे आहे. याच कुळातील गॅम्बुसिया हा मासा डास नियंत्रणासाठी १९२८ मध्ये भारतात आणण्यात आला. आज जगातील शंभर सर्वाधिक उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत त्याचा समावेश आहे. परके मासे स्थानिक माशांची अंडी व पिले खातात, त्यांच्या अन्नात वाटेकरी होतात आणि रोगही पसरवितात. पश्चिम घाटातील काही मासे तर मोजक्या ओढ्यांखेरीज जगात अन्यत्र आढळत नाहीत.

त्यामुळे जास्त झालेले मासे अन्य पाळणाऱ्यांना द्यावेत अथवा दुकानदाराकडे परत करावेत, हाच योग्य मार्ग ठरतो.