उपोषण सोडणारा माणूस

उत्तर आयर्लंडमधल्या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचा ब्रेंडन ह्यूज 16 फेब्रुवारी 2008 रोजी बेलफास्टमध्ये वारला, तेव्हा तो 59 वर्षांचा होता. सावळ्या वर्णामुळे सोबती त्याला ‘द डार्क’ म्हणत. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत चळवळीचा राजकीय पक्ष असलेल्या शिन फेनचे तेव्हाचे अध्यक्ष जेरी अ‍ॅडम्स होते. 1973 साली दोघांना एकत्रच अटक झाली होती. लाँग केशच्या तुरुंगात एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभ्या असलेल्या या दोघांचे छायाचित्र पश्चिम बेलफास्टमध्ये कुणालाही ओळखू येईल. अखेरच्या काळात मात्र त्यांच्यात काही उरले नव्हते. 1998 च्या गुड फ्रायडे शांतता कराराने लढ्याचा सौदा झाला असे ह्यूज उघडपणे बोलत असे. मरणानंतर चळवळीने त्याला पुन्हा आपल्यात घेतले, यात नवल नाही. प्रश्न आहे तो नेमके कोणाला घेतले याचा. बंडखोर तरुणाला, कचऱ्याच्या गाडीतून, गादीच्या गुंडाळीत लपून तुरुंगाबाहेर पडलेल्या साहसी गड्याला, ‘ब्लँकेट’ आंदोलनाच्या पुढाऱ्याला जागा मिळाली. ज्या एका कृत्यासाठी त्याची आठवण मुख्यतः राहायला हवी, ते मात्र चळवळीच्या कोणत्याच भित्तिचित्रात नीट बसत नाही. 18 डिसेंबर 1980 रोजी त्याने एक उपोषण सोडवले आणि एका माणसाचा जीव वाचवला.

माझे म्हणणे असे, की उपोषण सोडणाऱ्याची ही गैरसोय उपोषण या प्रथेच्या मूळ स्वभावातून आलेली नाही, ती मागाहून चिकटली आहे. आयर्लंडच्या प्राचीन ब्रेहन कायद्यात ‘त्रोस्कद’ नावाची रीत होती. धनको दुबळा आणि ऋणको बडा असेल, तर धनकोने त्याच्या दारात अन्नपाणी सोडून बसायचे. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण याच गोष्टीला आपण धरणे म्हणतो. थकलेल्या पगारासाठी शिंद्यांच्या छावणीत सरदारांच्या दाराशी बसणाऱ्या शिपायांची वर्णने इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवली आहेत. 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 508 चे उदाहरण म्हणूनच धरणे आले. या दोन प्रथांचे साम्य हेन्री मेनने 1875 सालच्या आपल्या पुस्तकात दाखवले होते. आयरिश कायद्यातली एक तरतूद मात्र फार बोलकी आहे. दारात उपाशी बसलेल्याला न जुमानता घरात जेवणारा ऋणको दोषी ठरे, हे तर झालेच. पण समोरच्याने योग्य तारण देऊ केल्यावरही जो उपास चालू ठेवी, त्याचा मूळ हक्कच बुडे. म्हणजे ही रीत मरण्यासाठी नव्हती, तडजोडीसाठी होती, आणि थांबायचे कधी हे कायद्यातच लिहिलेले होते.

विसाव्या शतकात ही प्रथा पुन्हा उचलली गेली ती मात्र उलटी होऊन. त्याचा पुरावा एका नाटकातच सापडतो. डब्ल्यू. बी. येट्सच्या ‘द किंग्ज थ्रेशोल्ड’मध्ये दरबारातला मान काढून घेतलेला कवी राजाच्या उंबऱ्यावर उपोषणाला बसतो. 1904 च्या पाठात राजा नमतो आणि कवी जगतो. ऑक्टोबर 1920 मध्ये कॉर्कचा महापौर टेरेन्स मॅकस्विनी ब्रिक्स्टनच्या तुरुंगात 74 दिवसांच्या उपोषणानंतर वारला, आणि त्यानंतर येट्सने शेवट बदलला. नव्या पाठात कवी मरतो. इतिहासही त्याच दिशेने लक्षात ठेवला गेला. 1923 च्या शरदात, यादवी युद्धानंतर, सुमारे 8000 कैद्यांनी एकदम अन्न सोडले. आयर्लंडमधले ते सर्वांत मोठे उपोषण, पण महिन्याभरात ते ढासळले आणि आज त्याचे नाव निघत नाही, मॅकस्विनीचे निघते. पुढे पुढे तर मृतदेहावर ताबा कुणाचा, हीच लढाई झाली. आयआरएचा फ्रँक स्टॅग फेब्रुवारी 1976 मध्ये वेकफिल्डच्या तुरुंगात उपोषणात गेला. आयरिश सरकारने त्याची शवपेटी आणणारे विमान शॅननला वळवले, बलिना गावी दफन उरकले आणि थडग्यावर काँक्रीट ओतले. पहारा उठल्यावर नोव्हेंबरात रिपब्लिकनांनी, म्हणजे आयआरएच्या चळवळीतल्या लोकांनी, शेजारच्या जागेतून भुयार खणून पेटी काढली आणि आपल्या लोकांच्या शेजारी पुरली. मेलेल्या उपोषणकर्त्याला एवढी किंमत असेल, तर जगलेल्याला काय उरणार?

आता 1980 कडे येऊ. 1 मार्च 1976 नंतरच्या गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेल्यांना ब्रिटिश सरकारने राजकीय कैद्याचा विशेष दर्जा नाकारला. कैद्यांनी तुरुंगाचा गणवेश नाकारला आणि अंगावर नुसते ब्लँकेट घेतले. मारहाण आणि शौचालयाच्या वादातून पुढे भिंतींना विष्ठा फासण्यापर्यंत गोष्ट गेली. 1978 मध्ये लाँग केशच्याच एच ब्लॉकमध्ये आलेला ह्यूज या सगळ्यांचा कमांडर झाला. मागण्या पाच होत्या: स्वतःचे कपडे, तुरुंगाचे काम नाही, एकमेकांत मिसळण्याची मोकळीक, आठवड्याला भेट, पत्र आणि पार्सल, आणि कापलेली शिक्षेतली सूट परत. 27 ऑक्टोबर 1980 रोजी सात जणांनी एकाच दिवशी अन्न सोडले. सात हा आकडा आयरिश प्रजासत्ताकाच्या 1916 च्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्या सातांवरून घेतलेला होता. ह्यूज स्वतः त्यांत होता, म्हणून कैद्यांच्या नेतृत्वाची सूत्रे त्याने सहकैदी बॉबी सँड्सकडे दिली. 1 डिसेंबरला आर्माच्या तुरुंगातल्या तीन स्त्रियाही सामील झाल्या. सातांपैकी शॉन मॅकेना सर्वांत वेगाने खचला. मी तुला मरू देणार नाही, असा शब्द ह्यूजने त्याला दिला होता. 53 व्या दिवशी मॅकेना शुद्ध हरपून मरणाच्या दारात होता. लंडनहून तोडग्याचा मसुदा निघाला आहे अशी खबर होती, पण तो हातात पडलेला नव्हता. ह्यूजने मसुद्याची वाट पाहिली नाही. उपोषण संपले आहे, मॅकेनाला वाचवा, असे त्याने सांगितले.

मसुदा आला तेव्हा तो पातळ निघाला. कैद्यांना ‘नागरी पद्धतीचे’ कपडे मिळणार होते, पण ते सरकारने दिलेले. स्वतःच्या घरचे नव्हेत. बाहेरच्याला हा फरक क्षुल्लक वाटेल. ज्यांनी चार वर्षे उघड्या अंगाने काढली, त्यांच्या लेखी सगळा झगडा याच फरकाचा होता. जानेवारीत घरून आलेले कपडे तुरुंगाने नाकारले, आणि 1 मार्च 1981 रोजी सँड्सने दुसरे उपोषण सुरू केले. येथे एका बदलाकडे लक्ष द्यायला हवे, कारण हुतात्म्यांच्या यादीत तो दडून जातो. पहिल्या वेळी सगळे एकदम बसले होते, त्यामुळे जो सर्वांत आधी मरणाला टेकेल त्याच्यावर सगळ्यांचा निर्णय येऊन ठेपला. दुसऱ्या वेळी ही चूक सुधारली. सँड्सनंतर दोन आठवड्यांनी फ्रान्सिस ह्यूज (ब्रेंडनशी त्याचे नाते नाही), मग आठवड्याभराने आणखी दोघे, आणि एक गेला की त्याच्या जागी दुसरा. कैद्यांचा कमांडर ब्रेंडन मॅकफार्लेन स्वतः उपोषणात नव्हता. रचना अशी होती, की कोणाही उपोषणकर्त्याला दुसऱ्याच्या जिवासाठी सर्वांचे उपोषण थांबवता येऊ नये. दबाव टिकवण्यासाठी ती अचूक होती. ह्यूजने दाखवलेली माणुसकी मात्र त्यातून वगळलेली होती. दहा जण मेले. सँड्स 9 एप्रिलला तीस हजारांहून अधिक मते मिळवून खासदार झाला, 5 मे रोजी 66 व्या दिवशी गेला, आणि लाखभर माणूस त्याच्या अंत्ययात्रेला लोटला. शेवट कोणी केला? घरच्यांनी. शुद्ध हरपलेल्या मुलांना उपचार द्या, असे आया सांगू लागल्या आणि 3 ऑक्टोबरला उपोषण थांबले. ह्यूजने डिसेंबरात केले तेच त्यांनी केले, दहा मरणांनंतर.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप रिपब्लिकनांच्याच बाजूचा आहे: ह्यूजने मसुदा पाहण्याआधी हार मानली, कैद्यांचे हसे झाले, म्हणून दुसरे उपोषण अटळ ठरले; एक वाचवला आणि दहा घालवले. हा आक्षेप ह्यूजलाही आतून कुरतडत होता, हे त्याच्या पुढच्या बोलण्यातून स्पष्ट दिसते. पण तो टिकत नाही. मॅकेना मेला असता तर सरकारने आणखी काही दिले असते, याला आधार नाही. पुढच्या वर्षी एकामागोमाग दहा मेले तरी उपोषण चालू असेतो पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी मागणी मान्य केली नाही. स्वतःचे कपडे मिळाले ते ऑक्टोबर 1981 मध्ये, उपोषण संपल्यानंतर तीन दिवसांनी. शिवाय जानेवारीत कपडे नाकारणारा ह्यूज नव्हता. चौघांच्या मरणानंतर, जुलै 1981 मध्ये, आलेला प्रस्ताव तुरुंगातल्या पुढाऱ्यांनी मान्य केला होता, पण बाहेरच्या नेतृत्वाने तो फेटाळला, असा आरोप त्या वेळी आतच असलेल्या रिचर्ड ओ’रॉने 2005 साली केला. मॅकफार्लेन आणि शिन फेन यांनी तो साफ नाकारला. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, निर्णय उपाशी माणसाच्या हातून गेला होता एवढे त्यातून दिसतेच.

कोणी म्हणेल, जगलेल्यांचीही आठवण ठेवली जाते. खरे आहे, पण कोणत्या रूपात ते पाहावे. डेरीच्या बॉगसाइडमधल्या भित्तिचित्रात ब्लँकेट पांघरलेला, दाढी वाढलेला रेमंड मॅकार्टनी आहे. सातांपैकी एक, पुढे शिन फेनचा आमदार. चित्र कोठडीतल्या माणसाचे आहे, आमदाराचे नाही. आर्मातल्या मरेड फॅरेलचे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण ते 1988 मध्ये जिब्राल्टरला गोळ्या लागून मेली म्हणून. 1981 च्या उपोषणातून वाचलेला पॅट मॅकगोन 1996 साली हृदयविकाराने गेला, तेव्हा काहींनी त्याला अकरावा हुतात्मा म्हटले. जगलेल्याला आत घ्यायचे तर आधी त्याला मेलेल्यांत मोजावे लागते, असाच हा सन्मान आहे. मेलेला सत्ताविसाव्या वर्षी थांबतो, कराराबद्दल मत देत नाही. ह्यूज 1986 मध्ये सुटला आणि बावीस वर्षे बोलत राहिला: कराराबद्दल, आणि पश्चिम बेलफास्टमध्ये माजी कैद्यांना तुटपुंज्या मजुरीवर राबवणाऱ्या बांधकाम ठेकेदारांबद्दलही.

आणि मेल्यावरही तो बोलला. बॉस्टन कॉलेजच्या मौखिक इतिहास प्रकल्पासाठी, मृत्यूनंतरच उघड करायच्या अटीवर, त्याने दीर्घ मुलाखती दिल्या होत्या. 2010 साली एड मोलोनीच्या पुस्तकातून त्या बाहेर आल्या. 1972 मध्ये दहा मुलांची आई जीन मॅकॉनव्हिल हिला पळवून मारण्याचा आदेश अ‍ॅडम्सनी दिला, असे त्याने त्यांत म्हटले. अ‍ॅडम्सनी ते सतत नाकारले आहे. आपण कधी आयआरएचे सदस्यच नव्हतो, असेही ते सांगतात. 2014 मध्ये या प्रकरणी त्यांना अटक झाली, पण आरोपपत्राविना सुटका झाली. म्हणून आक्षेप येतो, की ह्यूज कडवट, आजारी आणि दुखावलेला होता आणि मुलाखती घेणारेही कराराचे विरोधक होते. हा आक्षेप हलका नाही. याच संग्रहातल्या दुसऱ्या एका टेपवर उभा राहिलेला खटला 2019 मध्ये बेलफास्टच्या न्यायालयात आला, तेव्हा टेप पुरावा म्हणून विश्वासार्ह नाही असे न्यायाधीशांनी ठरवले. न्यायालयाची कसोटी योग्यच आहे, आणि अ‍ॅडम्सविरुद्धचा दावा मीही सिद्ध धरत नाही. पण इतिहासाला या टेपचा वेगळा उपयोग आहे. स्वतःविरुद्ध जाणारी गोष्ट माणूस सहसा रचत नाही, आणि ह्यूजने स्वतःविरुद्ध पुष्कळ सांगितले आहे.

त्यातली एक गोष्ट बाजूला ठेवून त्याचे स्मरण करता येणार नाही. 21 जुलै 1972 रोजी बेलफास्टमध्ये तास-सव्वातासात वीसेक बॉम्ब फुटले, नऊ माणसे मेली, सव्वाशेहून अधिक जखमी झाली. त्या ‘ब्लडी फ्रायडे’च्या आखणीत आपण होतो, हे ह्यूजने कबूल केले आणि खेदही व्यक्त केला. अशा माणसाची आठवण करायचीच कशाला, असे त्या नऊ जणांच्या घरचे विचारतील, आणि त्यांना तो हक्क आहे. स्मरण म्हणजे गौरव असेल, तर मीही त्यांच्याच बाजूचा. पण भिंतीवरच्या चित्राला ब्लडी फ्रायडे आणि मॅकेनाचा वाचवलेला जीव या दोन्ही गोष्टी एकाच चेहऱ्यात मावत नाहीत, म्हणून ते दोन्ही पुसते. इतिहास लिहिणाऱ्याला दोन्ही ठेवाव्या लागतात: तासाभरात नऊ जणांचे जीव घेणाऱ्या योजनेत सामील झालेला हाच माणूस आठ वर्षांनी, स्वतः 53 दिवस उपाशी असताना, दिलेला शब्द पाळण्यासाठी आपल्या हयातीतला सर्वांत मोठा पराभव पत्करायला तयार झाला.

शॉन मॅकेना त्यानंतर 28 वर्षे जगला. ह्यूज गेला त्याच वर्षी, डिसेंबर 2008 मध्ये, तोही वारला.