न्यायप्रासादातील बदली कामगार

न्यायालयाच्या रक्षणाची गोष्ट निघाली की लोक दारावरच्या बंदुकीकडे बोट दाखवतात. आम्ही कामगारांत वावरलेले. आमची नजर आधी कारकून, पट्टेवाले, चहावाले यांच्याकडे जाते. कोलंबियाची राजधानी बोगोता येथील न्यायप्रासादाची हकीकत म्हणूनच आम्ही मुद्दाम सांगतो.

'एम-१९' या सशस्त्र संघटनेचा बेत १९८५ च्या ऑक्टोबरातच सरकारला कळला होता. पोलीस पहारा वाढला, आणि घात होण्याआधीच तो काढूनही घेतला! ६ नोव्हेंबरला ३५ बंडखोर शिरले तेव्हा दारावर काय ते खाजगी रखवालदार. त्यांतले दोघे आणि इमारतीचे व्यवस्थापक पहिल्याच तडाख्यात मेले. मग लष्कराच्या चिलखती गाड्या आल्या, आग लागली. सरन्यायाधीश रेयेस एचांदिया 'गोळीबार थांबवा' म्हणून दूरध्वनीवरून विनवीत होते. देशाने तो आवाज रेडिओवर ऐकला. ते गेले, इतर न्यायमूर्ती गेले, हजारो खटल्यांचे कागद जळाले.

नोकरांना संकटकाळची शिकवण देताना पहिला धडा असतो तो बाहेर पडून एका जागी जमण्याचा आणि हजेरी घेण्याचा. उपाहारगृहातील माणसांची हजेरी कोण घेणार? ती ठेकेदाराची! बंडखोरांचे साथीदार समजून त्यांच्यापैकी काहींना लष्कराने नेले, ती परतली नाहीत. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयाने २०१४ साली कोलंबिया सरकारला दोषी ठरवले. गल्ल्यावरची मुलगी तर दुसरीच्या बाळंतपणाच्या रजेत बदलीवर आलेली. तिचे अवशेष २०१५ साली ओळखले गेले, परक्या थडग्यात.