१९ फेब्रुवारी १९२३ : सैनिक चालला, नागरिक नको!

भगतसिंग थिंद यांना अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या दिवशी नागरिकत्व नाकारले. पंजाबातून १९१३ मध्ये गेलेले थिंद ओरेगॉनमधल्या लाकडाच्या गिरण्यांत राबले, पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात भरती झाले आणि डोक्यावरची पगडी न उतरवता सार्जंट झाले. डिसेंबर १९१८ मध्ये लष्करी गणवेशातच त्यांना नागरिकत्वाचा दाखला मिळाला. चार दिवसांत तो काढूनही घेतला गेला.

आशियातून आलेल्यांना नागरिकत्वासाठी तेव्हा ‘गोरे’ ठरावे लागे, आणि ते ठरवतानाची न्यायालयाची कसरत बघण्यासारखी आहे. तीनच महिने आधी, घरातही इंग्रजी बोलणाऱ्या ताकाओ ओझावा या जपानी माणसाला ‘कॉकेशियन नाही, म्हणून गोरा नाही’ असे सांगून नागरिकत्व नाकारले होते. थिंद यांनी आपण कॉकेशियन असल्याचे दाखवताच निकष बदलला : सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो, तोच गोरा! दोन्ही निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडात जन्मलेले, म्हणजे बाहेरूनच आलेले. पण त्यांच्या निष्ठेचा दाखला कोण मागणार?

या निकालाच्या आधारे सरकारने अनेक भारतीयांचे नागरिकत्व रद्द केले. थिंद यांना ते अखेर १९३६ मध्ये, माजी सैनिकांसाठीच्या कायद्यामुळे मिळाले.