तळटीप १२ : बीजमाता
१२. बीजमाता : राहीबाई सोमा पोपेरे (जन्म १९६४), कोंभाळणे, ता. अकोले; महादेव कोळी समाजातल्या. हे गाव जिल्ह्याच्या वायव्येच्या डोंगराळ भागात. पद्मश्रीने (२०२०) त्यांचा मान वाढला, हे खरे; पण बिरुद त्याआधीच रूढ होते. शाळा न शिकलेल्या या आजींनी वाल-घेवड्याचे गावरान बी राखेत घोळवून मडक्यांत जपले. त्यांच्या बीजबँकेला ‘बायफ’ संस्थेचे साहाय्य लाभले, म्हणून श्रेय संस्थेचेच, असे कोणी म्हणेल. ते पटण्यासारखे नाही. संस्था जागा-साधने पुरवते, कोणते वाण राखायचे ही पारख (आणि गावाचा विश्वासही) आधीचीच. बी न्यावे, सुगीनंतर दुप्पट परत करावे, असा त्यांचा रिवाज आहे.