फेंग शुई : लहान घराची मांडणी (वर्धा जिल्हा)

फेंग शुई : वारा, पाणी, जमिनीचा चढउतार आणि दिशा यांच्याशी माणसाच्या वस्तीचा मेळ घालू पाहणारी प्राचीन चिनी विद्या. आज ती ओळखली जाते ती मुख्यतः घरातील सामानाच्या मांडणीवरून. पलंग कोणत्या भिंतीला लावावा, आरसा कुठे टांगावा, दारासमोर काय असू नये, असे प्रश्न ती सोडवते असे मानले जाते. वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील एक-दोन खोल्यांच्या सदनिकांना या नियमांचा कितपत उपयोग होतो, एवढ्यापुरतीच ही नोंद आहे. लहान जागेच्या मांडणीचा एक थोर नमुना, सेवाग्रामची बापू कुटी, याच जिल्ह्यात असल्याने तिचा विचार येथे ओघानेच येतो.

ही विद्या केवळ घराची नव्हे, थडग्याच्या जागेचीही होती. ‘झांगशू’ हा तिचा जुना ग्रंथ दफनविधीविषयीचा असून तो ग्वो पू (276–324) याच्या नावावर सांगितला जातो. पुढे तिचे दोन पंथ झाले. एक डोंगर, नदी, उतार यांचे रूप पाहणारा, तर दुसरा ल्वोपान नावाच्या होकायंत्रावर दिशा मोजणारा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत लिन युन यांनी तिसरी वाट पाडली. त्यांच्या पद्धतीत ‘बाग्वा’ हा अष्टकोनी आराखडा उत्तर दिशेप्रमाणे न लावता घराच्या दाराप्रमाणे लावतात. याचा परिणाम असा, की एकाच सदनिकेतील धनाचा मानला जाणारा कोपरा एका पंथाने काढला तर स्वयंपाकघरात येतो आणि दुसऱ्याने काढला तर न्हाणीघरात. घर बदलायला निघालेल्याने ही गोष्ट आधीच जाणून घ्यावी.

भारतात फेंग शुईचा प्रसार 1990 नंतरच्या दशकांत झाला. मलेशियाच्या लेखिका लिलियन टू यांची पुस्तके, वृत्तपत्रांतील सदरे आणि भेटवस्तूंची दुकाने ही त्याची साधने होती. हसरा बुद्ध, तीन पायांचा बेडूक, लाल दोऱ्यातली नाणी, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या नळ्या यांतून ती मराठी घरांत शिरली. ‘लकी बांबू’ म्हणून विकले जाणारे रोप तर बांबूच नव्हे. ते ड्रासिना प्रजातीतले, मूळ आफ्रिकेतले आहे. वास्तुशास्त्र येथे आधीपासून होतेच. त्यामुळे दोन्हींची सरमिसळ झाली आणि सल्लागारही दोन्ही एकत्र सांगू लागले. वास्तविक त्यांचे अनेक बाबतींत जमत नाही.

सर्वांत मोठी विसंगती दक्षिणेची. चिनी परंपरेत दक्षिणाभिमुख घर उत्तम मानतात. वास्तुशास्त्रात दक्षिण यमाची, म्हणून विदर्भात आजही दक्षिणमुखी सदनिकेला गिऱ्हाईक कचरते. दोन्ही समजुती बाजूला ठेवून सूर्याकडे पाहिले की उलगडा होतो. बीजिंग सुमारे 40 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यात उत्तरेकडून बोचरे वारे येतात आणि डिसेंबरच्या भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 27 अंशांहून वर चढत नाही. दक्षिणेला दार-खिडक्या ठेवल्या तर ते ऊन खोलीत आतपर्यंत पोहोचते. वर्धा 20.7 अंशांवर आहे. येथे डिसेंबरमध्येही दुपारचा सूर्य 46 अंशांवर असतो. मेच्या चौथ्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या 20 तारखेच्या आसपास तो बरोबर डोक्यावर येतो, ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात तर तो मध्यान्हीला किंचित उत्तरेकडे असतो. म्हणजे वर्ध्याच्या उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत फारशी तापतच नाही. तापते ती पश्चिमेची भिंत आणि वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचा स्लॅब. ज्या दिशेला लोक भितात ती येथे निरुपद्रवी आहे, हिवाळ्यात तर सुखाची आहे. बीजिंगसाठी सुचलेले शहाणपण वर्ध्याला जसेच्या तसे लावणे म्हणूनच चूक ठरते. त्यामागची रीत, म्हणजे आपल्या गावचा वारा आणि ऊन पाहून घर लावणे, मात्र पूर्ण खरी आहे.

ही रीत सेवाग्रामला प्रत्यक्ष दिसते. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून महात्मा गांधी वर्ध्यात आले, काही काळ मगनवाडीत राहिले आणि 30 एप्रिल 1936 रोजी सेगाव या खेड्यात गेले. त्यांच्या शिष्या मीराबेन तेथे आधीपासून काम करत होत्या. (शेगावशी टपालाचा घोटाळा होत असल्याने 1940 मध्ये गावाचे नाव सेवाग्राम झाले.) पहिले घर, आदी निवास, त्याच वर्षी उभे राहिले. खर्चाला मर्यादा आणि सामान परिसरातले, या दोन अटी त्यामागे होत्या. एकाच मोठ्या खोलीत गांधीजी, कस्तुरबा, प्यारेलाल आणि येणारे-जाणारे सारे राहत. खान अब्दुल गफार खान आणि तुकडोजी महाराजही तेथे राहून गेले. गर्दी फार होऊ लागली, तेव्हा गांधीजी मीराबेनने स्वतःसाठी बांधलेल्या कुटीत राहायला गेले. तीच आजची बापू कुटी. कस्तुरबांना त्या गर्दीत आडोसा मिळत नव्हता, म्हणून बजाजांनी त्यांच्यासाठी शेजारी वेगळी कुटी, म्हणजे बा कुटी, बांधून दिली. घराची मांडणी ठरवताना बाईच्या एकांताचा हिशेब बहुधा सर्वांत शेवटी होतो. फेंग शुईच्या पुस्तकांतही त्याला पान मिळत नाही. बा कुटी पाहताना हे लक्षात ठेवले पाहिजे.

बापू कुटी लाकूड, बांबू, माती आणि कवेलूंची आहे. भिंती मातीच्या, जमीन सारवलेली. मीराबेनने भिंतींवर मातीतच ताडाची झाडे, मोर, चरखा आणि ॐ उठावात काढले आहेत. शोभेची म्हणून वेगळी वस्तू आणावी लागलेली नाही, भिंत हीच शोभा. सामान म्हणाल तर बैठक, चटया, ठेंगणे मेज, थोडी फळ्यांची जागा.

जानेवारी 1978 मध्ये इव्हान इलिच हे विचारवंत सेवाग्रामच्या एका परिषदेसाठी आले होते. कुटीत बसून त्यांनी जे पाहिले, ते मांडणीच्या कोणत्याही अभ्यासकाने वाचावे असे आहे. त्यांनी तेथे सात प्रकारच्या जागा मोजल्या. पायताण काढून आत जाण्याची तयारी करण्याची जागा, सर्वांनी जमण्याची मधली खोली, गांधीजींची स्वतःची बसण्या-कामाची जागा, पाहुण्यांची खोली, आजाऱ्याची खोली, उघडी ओसरी आणि प्रशस्त न्हाणीघर. या सात जागांचे एकमेकींशी सजीव नाते आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. जेथे माणसापेक्षा सामानाच्या सोयीचा विचार आधी होतो अशा घरापासून त्यांनी या कुटीला वेगळे काढले. आजच्या सदनिकेच्या नकाशात आजाऱ्याची खोली कुठेच नसते, आणि घरात वयस्क माणूस अंथरुणाला खिळले की दिवाणखान्याची सगळी मांडणी मोडते. त्या लहानशा कुटीत आजाऱ्याच्या खोलीला जागा होती. गांधीजी 25 ऑगस्ट 1946 रोजी येथून गेले, ते पुन्हा परतले नाहीत.

मधली जागा मोकळी ठेवण्याचा नियम फेंग शुई आणि वास्तुशास्त्र या दोघांनाही मान्य आहे, आणि लहान घरात तोच सर्वांत उपयोगी पडतो. वास्तुमंडलाची 81 पदे मानतात आणि त्यांतली मधली 9 ब्रह्मस्थानाची. चारशे चौरस फुटांच्या सदनिकेत एक पद जेमतेम पाच चौरस फुटांचे, म्हणजे एका कपाटाएवढे पडते. एवढ्या बारीक खान्यांना देवतांप्रमाणे सामान वाटून देणे अशक्य आहे. पण मधली 9 पदे मिळून चव्वेचाळीस चौरस फूट होतात, आणि तेवढी जमीन रिकामी ठेवता येते. तेथले टीपॉय उचलून भिंतीकडे नेले की चार माणसे जेवायला बसतात, मुलांचा अभ्यास होतो, रात्री गादी पडते. सेवाग्रामची मधली खोली हेच काम करीत असे.

यापुढचा निर्णय विदर्भात कूलर करतो. फेंग शुईचा एक आवडता नियम असा की दार आणि त्यासमोरची खिडकी एका रेषेत नसावीत, नाहीतर ‘ची’ ही प्राणशक्ती न थांबता निघून जाते. येथल्या मे महिन्यात, पारा 45 अंशांच्या आसपास असताना, नेमकी हीच सरळ वाट लागते. कूलर ओल्या गवतातून किंवा वाळ्यातून हवा ओढून आत ढकलतो; तिला समोरून बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीत दमटपणा साचतो आणि गारवा नाहीसा होतो. म्हणून कूलरच्या खिडकीसमोरचे दार किंवा खिडकी निम्मी उघडी हवी आणि त्या वाटेत कपाट, उंच पाठीचा सोफा, जाड पडदा नको. कूलरची खिडकी आधी ठरवावी, मग पलंग. पलंग त्या झोताच्या कडेला, दार दिसेल पण अगदी दाराच्या रेषेत येणार नाही असा ठेवावा. फेंग शुईही पलंगाबद्दल हेच सांगते, आणि दार नजरेत असले की झोप निर्धास्त लागते हे कुणालाही पटेल. गॅसची शेगडी मात्र झोताच्या वाटेत येऊ देऊ नये. ज्योत विझून गॅस पसरू शकतो. शेगडी आणि मोरी लगोलग नसावीत हा चिनी नियम अग्नी-जलाच्या वैरातून आलेला असला, तरी ओट्यावर दोहोंमध्ये हातभर जागा असलेली बरी, पोळी लाटायला तीच लागते.

पश्चिमेच्या भिंतीला उशाशी घेऊ नये. दिवसभर प्यालेली उष्णता विटेची भिंत काही तासांनी, नेमकी झोपेच्या वेळी, आत सोडते. तेथे कपड्यांचे कपाट चार बोटे अंतर सोडून उभे करावे, म्हणजे झळ अडते. वरच्या मजल्यावर गच्चीला उन्हाळ्याआधी चुन्याचा पांढरा हात दिला, तर कोणत्याही दिशाशोधनापेक्षा अधिक फरक पडतो. आरसा पलंगासमोर असू नये असा फेंग शुईचा दंडक आहे. खिडकीशेजारच्या भिंतीवर काटकोनात लावलेला आरसा अंधाऱ्या खोलीत उजेड वाढवतो, एवढे पाहून तो लावावा.

दिशेने भाग्य पालटते याला पुरावा नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीने वास्तुशास्त्राविरुद्ध महाराष्ट्रात सातत्याने प्रबोधन केले, त्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर अग्रभागी होते. वास्तुदोषाच्या भीतीने चांगली भिंत फोडणारी, कर्ज काढून दार फिरवणारी कुटुंबे या भागात आहेत. फर्निचर हलवायला पैसे पडत नाहीत, भिंत पाडायला पडतात. शिवाय सदनिकेतली भिंत किंवा खांब शेजाऱ्याचाही भार वाहत असतो, म्हणून अभियंत्याला विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

वर्ध्यात एकच मांडणी वर्षभर टिकत नाही, हेही नोंदवले पाहिजे. मृगानंतर हवेत दमटपणा वाढला की कूलर निकामी होतो. तो काढल्यावर खिडकी मोकळी होते आणि पलंग पंख्याखाली, पश्चिम-नैर्ऋत्येच्या पावसाळी वाऱ्याच्या वाटेत आणता येतो. पावसाची झड येणाऱ्या खिडकीपासून पुस्तके आणि धान्याच्या कोठ्या दूर न्याव्या लागतात. दिवाळी उलटली की दक्षिणेच्या खिडकीतले ऊन आत सरकू लागते आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खुर्ची तेथे जाते. ती फेब्रुवारीअखेरपर्यंत तेथे राहते आणि मार्चमध्ये कूलरचे गवत बदलायची वेळ येते.