पुरचुंडी, टिटवं आणि शेणी

मंडळी, शनिवारी सकाळी वाचायला विषय जरा जड आहे, आधीच सांगून ठेवतो. माणूस गेल्यावर होणारा खर्च. 'असल्या वेळी पैशाचं काय बोलायचं' असं आपण म्हणतो, आणि नेमका म्हणूनच हिशेब हाताबाहेर जातो.

निमित्त असं झालं की सोलापुरातल्या माझ्या एका शाळूसोबत्याचे वडील गेले. यंत्रमागावर आयुष्य काढलेला माणूस. स्मशानातला खर्च झेपण्यासारखा होता. भारी पडला तो तेरावा. मांडव, जेवणावळ, चौकात 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा फ्लेक्स... बायकोचे दागिने गहाण पडले. मी विचारलं, एवढं कशाला? तर म्हणाला, "काय करू बे? बापासाठी हात आखडता घेतला म्हणतील की लोकं."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना. मग सवयीप्रमाणे इतिहासात घुसलो.

१८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. हेच ते दख्खनचे दंगे. सरकारने चौकशीला कमिशन नेमलं. तेव्हा साहेबलोकांचं लाडकं मत होतं की कुणबी लग्न-समारंभांवर उधळतो म्हणून कर्जात बुडतो. गंमत म्हणजे कमिशनने उलट सांगितलं: या खर्चाला नको तितकं महत्त्व दिलं गेलंय, असे प्रसंग क्वचित येतात आणि काही वर्षांत विभागून पाहिलं तर रक्कम फार नाही. पुढे १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू होता त्यात पुणे, सातारा, नगर यांच्याबरोबर आपलं सोलापूरही होतं.

कमिशनचं म्हणणं मला पटतं, पण अर्धंच. आमच्या धंद्यात सर्व्हर कोसळतो तो सरासरी लोडने नाही, एका क्षणाच्या पीक लोडने. मृत्यूचा खर्चही तसाच आहे. तो तारीख सांगून येत नाही, घासाघीस करू देत नाही, आणि निर्णय घेणारा माणूस त्या दिवशी रडत असतो. त्याने काटकसर केली तर ती कंजुषी दिसते. मग करायचं काय?

याला आपल्याकडे दोन-तीन जणांनी फार सुंदर उत्तरं दिलीत.

पहिले जोतीराव फुले. शेतकऱ्याच्या जन्माआधीपासून ते मेल्यानंतरपर्यंत धर्माच्या नावाखाली पैसा कसा काढला जातो, याची जंत्री त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये दिली आहे. १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने मधला पुरोहितच काढून टाकला. जोतीरावांनी १८८७ च्या मृत्युपत्रात आपलं शरीर मिठात पुरावं असंही लिहून ठेवलं होतं. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले तेव्हा राहत्या जागी पुरायची परवानगी मिळाली नाही, दहन करावं लागलं. टिटवं कोणी धरायचं यावर भाऊबंदांनी वाद घातला, तर सावित्रीबाई स्वतः टिटवं घेऊन पुढे चालल्या आणि अग्नीही त्यांनीच दिला. ना भटजी, ना बडेजाव. त्या अंत्ययात्रेत काही कमी होतं असं आज कोण म्हणेल?

दुसरे आगरकर. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली होती. फर्ग्युसनचे प्राचार्य असतानाच १७ जून १८९५ ला ते गेले, वय अवघं ३८. दम्याने पोखरलेला माणूस. गेल्यावर उशाशी एक पुरचुंडी सापडली. आपल्या दहनाला लागणारे पैसे त्यांनी स्वतःच बांधून ठेवले होते! बायको-मुलांना त्या दिवशी कोणापुढे हात पसरावा लागू नये, एवढंच. मला तर त्यांच्या अनेक लेखांपेक्षा ही पुरचुंडी मोठी वाटते.

तिसरं उत्तर कुण्या एका माणसाचं नाही, रिवाजाचं आहे. त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही, सोलापुरात ते रोज दिसतं. मुसलमानांचं कफन म्हणजे साधं पांढरं कापड, पुरुषाला तीन, बाईला पाच. श्रीमंताला वेगळं नाही, गरिबाला वेगळं नाही. जनाजा मशिदीचा, काम झालं की परत मशिदीत. सिद्धरामेश्वरांच्या या गावात लिंगायत समाज माणसाला बसवून दफन करतो. चितेला लागणारं तीन-चार क्विंटल लाकूड तिथे लागतच नाही. आता सजवलेलं विमान, बँड असा खर्च कुठेही शिरतो, पण मूळ रिवाज साधाच. इथे मुलाला काही ठरवावं लागत नाही. डिफॉल्टच स्वस्त आहे, आणि तरी सन्मानाचं आहे.

असा डिफॉल्ट नव्याने बनवताही येतो. कोल्हापुरात महापालिका पंचगंगा स्मशानभूमीत अंत्यसंस्कार मोफत करते आणि त्यासाठी शेणी वापरते. होळीच्या सुमारास लोक होळी लहान करून शेणी दान करतात. सगळं गाव थोडं थोडं देतं, त्यामुळे फुकट घेताना कुणाची मान खाली जात नाही. याउलट 'गरिबांसाठी योजना' अशी पाटी लावली असती तर माझा मित्र तिथे कधीच गेला नसता.

तर मुद्दा हा. काटकसर आणि सन्मान यांचं भांडण नाहीये. भांडण आहे ते 'कोणी ठरवायचं' याचं. मुलाने त्या दिवशी ठरवलं तर कंजुषी, जाणाऱ्याने आधी ठरवलं तर ती त्याची इच्छा, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं तर रिवाज. पैसे तेवढेच, अर्थ वेगळा. मित्राला 'खर्च करू नको' सांगणं त्या दिवशी निरुपयोगीच होतं. त्याच्या वडिलांनी दोन ओळी लिहून ठेवल्या असत्या, तर लोकांना दाखवायला त्याच्या हातात काहीतरी असतं.

म्हणून मी माझ्यापुरतं एका कागदावर लिहून ठेवलंय: विद्युतदाहिनी, सोलापुरातच, तेरावा नको, जेवणाचे पैसे शाळेच्या वाचनालयाला. खाली सही, आणि सोबत एका पासबुकाचा नंबर. आईने वाचलं आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चहा देताना म्हणाली, "माझंपण लिहून घे. पण कांदेपोहे तरी ठेव लोकांना, लांबून येतात बिचारे."

ठेवले. कांदेपोह्यांना आगरकरांचीही हरकत नसावी.