माळाचा नकाशा

श्रोतेहो, आपल्या गावचा नकाशा आपण कधी नीट पाहिला आहे का? शिवेचे दगड, ओढा, गाडीवाटा, गट नंबर, सारं त्यात असतं. पण गावाच्या वरच्या अंगाला जो माळ पसरलेला असतो, त्याच्यापुढं 'पडीक', 'गायरान' नाहीतर 'खराबा' एवढाच शब्द सापडतो. त्या माळावर काय उगवतं, हे कागदाला ठाऊक नाही. असं का झालं, ते आज थोडक्यात पाहू.

१८१८ साली पेशवाई गेली आणि इंग्रजांना साऱ्याची घडी बसवायची होती. प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं केलेली पहिली आकारणी रयतेला झेपली नाही. इंदापुराकडच्या शेतकऱ्यांनी जमिनी टाकल्या. तेव्हा १८३५ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी आपल्या सोलापूर जिल्ह्याला लागूनच असलेल्या त्या इंदापुरात पुन्हा मोजणी सुरू केली. शंकुसाखळी फिरली. माती किती हात खोल आहे, तिचा रंग कोणता, हे पाहून जमिनीची प्रत आण्यांत ठरली. पावणेदोन हात खोल उत्तम काळी जमीन म्हणजे सोळा आणे. १८४७ च्या अहवालानं हे नियम कायम झाले. जिथं नांगर चालत नाही, ती जागा खराब्यात गेली. मोजणी चोख होती, यात शंका नाही. पण तिचा प्रश्न एकच होता: या जमिनीवर सारा किती बसेल? माळाचं उत्तर आलं, 'काही नाही'. तो शेरा कागदावरून पुढं माणसांच्या मनात उतरला.

वनस्पतींची नोंद पुढं झाली. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केला. कोणती वनस्पती कुठं मिळते, हे त्यात आहे. पण कोणत्या वनस्पती कोणाच्या सोबतीनं, कसल्या मातीत नांदतात, हा वेगळा प्रश्न. गवतांपुरता तो स्वातंत्र्यानंतर हाती घेतला गेला. १९५४ ते १९६२ या काळात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेनं देशभरच्या कुरणांची पाहणी केली. तिच्या आधारे दबडघाव आणि शंकरनारायण यांचा ग्रंथ १९७३ साली आला. त्यांनी देशातल्या गवतांचे पाच मुख्य समूह मांडले. आपल्या दख्खनच्या पठाराचा समूह आहे पवन्या आणि मारवेल यांचा.

यात आपल्या कामाची एक गोष्ट आहे. खोलगट काळ्या जमिनीत मारवेल धरतं, उथळ मुरमाड उतारावर पवन्या. चराई वाढली की पवन्या मागं हटतो आणि कुसळी पुढं येते. त्याहून ताण पडला की तीन कुसळांचं आखूड, निकस गवत तेवढं उरतं. म्हणजे माळ स्वतःची तब्येत गवताच्या अक्षरांत लिहून ठेवतो. धनगरांना ही अक्षरं वाचता येतात, नकाशे करणाऱ्यांना ती उशिरा कळली.

याची किंमत आपल्याच जिल्ह्यानं मोजली. १९७९ साली नान्नज परिसरात माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्याची हद्द सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होती. तिच्या आत शेतं, गावं, बाजारपेठा सारं आलं. लोकांना जाच झाला, आणि अखेर ही हद्द सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आली. दुसरीकडं, उघडी जमीन हिरवी करायची म्हणून कित्येक माळांवर झाडं लावली गेली. माळढोक जमिनीवर एकच अंडं घालतो आणि दूरवर नजर पोचेल अशा मोकळ्या जागेतच निर्धास्त राहतो. दाट झाडी त्याच्या उपयोगाची नाही. आज इथं तो दिसणं फार दुर्मिळ झालं आहे.

उपग्रहांमुळं तरी माळ ओळखू यावा? तेही सोपं नाही. गवत पावसाळ्यात हिरवं आणि उन्हाळ्यात वाळलेलं. उन्हाळ्यातलं एकच चित्र पाहिलं तर माळ ओसाडच दिसतो. अनेक महिन्यांची चित्रं ताडून पाहावी लागतात. मधुसूदन आणि वनक या संशोधकांनी २०२२ साली देशातल्या अशा कोरड्या, मोकळ्या नैसर्गिक प्रदेशांचा नकाशा प्रसिद्ध केला. ते देशाच्या भूमीच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढे भरले. त्यांतला संरक्षित भाग शेकडा पाचांहूनही कमी आहे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, बाकीचं काम आपल्या हातचं आहे. भाद्रपद-आश्विनात मुलांना गायरानात न्या. मीटरभर लांब-रुंद काठ्यांची चौकट टाका, आतली गवतं मोजा, गावातल्या जाणत्या माणसांना त्यांची नावं विचारा आणि गावनकाशाच्या प्रतीवर ती लिहा. दरसाल तेच करा. उद्या त्या गायरानाचं काय करावं, हा विषय ग्रामसभेत निघेल. तेव्हा 'खराबा' या एका शब्दापलीकडं सांगण्यासारखं काही गावाच्या हाती असलं पाहिजे.